हुसेनमियांच्या दुकानापुढचा आवाज

आता मीच बोलते. शेवटचं वर्षभर आपल्या घरात मीच बोलत होते आणि तुम्ही ऐकत होतात, तेव्हा त्यात नवं काही नाही. फरक एवढाच की तेव्हा तुम्ही भुवई उडवायचात, हात झटकायचात, फारच राग आला तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. तेही मला उत्तरासारखंच होतं. आता समोर रिकामी बाज आहे. तिचं सुंभ सोडवून उन्हात टाकलंय.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली. सगळे चांगलंच बोलले. भला माणूस होता म्हणाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी आत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कुणाविषयी बोलताहेत? तुम्ही तर सगळ्यांच्या अध्यात आणि मध्यात होतात. रस्त्याच्या मधोमध स्टुलावर उभे राहून तुम्ही ओरडत होतात आणि अर्धं जळगाव तुमच्या तोंडाकडे बघत उभं होतं. ते यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांतले फार थोडे आले.

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तो पहिला आठवडा तुम्हाला आठवत असेल. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, मागच्या अंगाला तुमची खोली. दिवसभर कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांची घरघर. तुम्ही तिथे कारकून, कापसाच्या गाड्या मोजून घ्यायचात. जेवण झाल्यावर तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो असा, "तुला क्रिकेट माहीत आहे?" मी नाही म्हटलं. तुमचा चेहरा इतका पडला की मला वाटलं, या घरात ते यायलाच हवं असावं, स्वयंपाकासारखं.

मग तुम्ही पोळपाटावर पीठ पसरून त्यात मैदान काढलंत. इथे बॅटवाला, इथे बॉल टाकणारा, इथे हे तीन दांडके. शेंगदाण्यांची माणसं ठेवलीत. मी विचारलं, "आणि हा इतक्या लांब एकटाच का उभा?" तुम्ही एकदम खूश झालात. म्हणालात, "हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो झेल घ्यायला उभा आहे. कदाचित दिवसभर त्याच्याकडे एकही चेंडू येणार नाही. तरी उभं राहायचं." दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांना शेंगदाण्यांची सालं लागली होती, पोळपाट नीट पुसला गेला नव्हता. आपण दोघांनी त्या तशाच खाल्ल्या.

तुम्हाला स्वतःला खेळता फारसं येत नव्हतं, हे सांगितलं तर रागावू नका. जिनामागच्या मोकळ्या जागेत तुम्ही खेळायचात तेव्हा बॉल तुमच्या पायांखालून निघून जायचा आणि तुम्ही वळून त्याच्याकडे असं पाहायचात, जणू त्यानं शब्द मोडला. पण अमळनेरच्या शाळेत असताना एका मास्तरांनी तुम्हाला मुंबईला नेऊन मोठा सामना दाखवला होता, आणि तेव्हापासून तुमच्या डोळ्यांपुढचं ते हिरवं मैदान काही हललं नाही. आबा मला म्हणाले होते, "पोरगं मुंबईहून आलं ते अर्धंच आलं." आबा तुमचे थोरले भाऊ, त्यांना शेतापलीकडचं काही रुचत नाही. तरी ते हे हसून म्हणाले होते.

आणि मग हुसेनमियांकडे रेडिओ आला.

हुसेनमिया सायकली दुरुस्त करत, ग्रामोफोनच्या सुया विकत. त्या रस्त्यावर रेडिओ फक्त त्यांच्याकडे. छपरावर बांबू उभारून त्यांनी एरियलची तार ओढली होती, आणि मुंबईचे हिवाळ्यातले सामने लागले की रेडिओ दुकानाच्या फळीवर आणून ठेवत. आत कुणी साहेब इंग्रजीतून सामना सांगत असे. बाहेर जिनातले मजूर, हमाल, गाड्या सोडून आलेले शेतकरी. हिंदूही, मुसलमानही, खांद्याला खांदा लावून. कुणाला एक अक्षर कळत नसे, पण रेडिओतली गर्दी ओरडली की हीही गर्दी ओरडे.

पहिल्या दिवशी काय झालं ते तुम्ही घरी येऊन मला तीनदा सांगितलंत, म्हणून मला ते पाहिल्यासारखंच वाटतं. कुणीतरी ओरडलं, "हाऊ काय बोली राहिना भो?" तुम्ही म्हणालात, "बॉल टाकी राहिना." मग दुसऱ्यानं विचारलं, तिसऱ्यानं विचारलं. मागच्यांना ऐकू येईना. हुसेनमियांनी आतून स्टूल काढून दिलं. "चढो सुकाभाऊ, एकही बार सबको बोलो." तुम्ही चढलात, आणि त्यानंतर किती वर्षं उतरला नाहीत!

मी एकदाच पाहिलं. समोरच्या कासाराकडे बांगड्या भरायला गेले होते. खरं म्हणजे माझ्या हातात बांगड्या भरपूर होत्या. तुम्ही एक कान रेडिओकडे आणि तोंड लोकांकडे करून उभे होतात. त्या साहेबाचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुमचं सुरू व्हायचं. "त्यानी बॉल टाका! यानी मारा! गया, गया, गया..." सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे वळल्या, जणू जिनाच्या भिंतीवरून बॉल येतोय. "झेली लिधा! आउट व्हयी गया!" आणि काय तो गलका! कासार माझा हात धरून तसाच थांबला होता. मला तुमचा अभिमान वाटला, लाजही वाटली. आपल्या माणसाला इतक्या लोकांनी असं एकटक पाहावं याची मला सवय नव्हती.

त्याच गर्दीतला एक म्हातारा हमाल तुम्हाला म्हणाला होता, "सुकाभाऊ, तू आठे खाले कायले उभा शे? त्या डब्बामा जाय ना!"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी आल्यावर जेवता जेवता थांबलात आणि म्हणालात, "खरंच, का नाही?"

मुंबईच्या रेडिओ केंद्रात तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा नवा कोट घालून गेलात. तिथल्या मराठी साहेबांनी दारातूनच विचारलं, काय पाहिजे. तुम्ही सांगितलं, मला क्रिकेट मराठीतून सांगायचं आहे. ते म्हणाले, "इंग्रजीत सांगणारे आहेत आमच्याकडे. मराठीत कोण ऐकणार?" तुम्ही म्हणालात, "जळगावला या, दाखवतो." ते आले नाहीत. तुम्ही मात्र पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलात. त्याच्या पुढच्याही. शिपाई तुम्हाला ओळखायला लागला, बाकावर जागा करून द्यायला लागला. साहेब येता-जाता म्हणत, "आलात?" आणि तुम्ही उभे राहून म्हणायचात, "आलो."

एका वर्षी त्यांनी तुम्हाला आत घेतलं. संध्याकाळी थोडा वेळ दिवसभराच्या खेळाचा मराठीत सारांश सांगायचं त्यांच्याकडे ठरत होतं. बोलून दाखवा म्हणाले. तुम्ही बोललात. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलता छान. पण तुम्ही खेळाला 'खेय' म्हणालात. हे रेडिओवर चालायचं नाही."

तुम्ही परत आलात ते थेट चुलीजवळ येऊन बसलात. कोटही काढला नव्हता. माझे वडील धुळ्याला शाळामास्तर, त्यामुळे मी शुद्ध बोलते म्हणून तुम्ही मला चिडवायचात. त्या दिवशी चिडवलं नाहीत. म्हणालात, "मास्तरीण, मला ळ शिकव."

आपल्याकडे केळ्याला केयं म्हणतात, जळगावला जयगाव म्हणतात, आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. तुमचंही अडलं नव्हतं. तीस वर्षांची जीभ ती, वळेना. मी म्हणायची, "खेळ." तुम्ही म्हणायचात, "खेय." मी म्हणायची, जीभ मागे न्या, टाळूला लावा. तुम्ही तोंड उघडून दिवा जवळ धरायचात, "बघ, कुठं लागतेय ती?" मला हसू आवरत नसे. काळं आभाळ, पिवळी केळी, गोळाबेरीज, टाळ्या. कामावर जाताना तुम्ही हे मोठ्यानं म्हणत जायचात आणि शेजारीण मला विचारायची, "तुमच्या मालकांना काही बाधलंय का?" आपलं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मूल झालं नाही, लोकांच्या नजरा होत्याच. पण त्या महिन्यांत आपल्या खोलीत जेवढं हसणं झालं, तेवढं ज्यांच्या घरी मुलं होती त्यांच्याकडेही होत नसेल. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

ळ आला. आधी सुटा आला, मग शब्दात आला, मग एक दिवस तुम्ही रागाच्या भरात माझ्यावर ओरडलात, "सगळं वाटोळं!" आणि भांडण तिथेच राहिलं. रागात आला म्हणजे तो पक्का आला होता.

पण तोवर दुसरी अडचण उभी होती. सामने हिवाळ्यात आणि जिनाचा हंगामही हिवाळ्यात. दरवर्षी त्याच दिवसांत तुम्ही रजा मागायचात. शेवटी मॅनेजर म्हणाले, "कापूस नाहीतर क्रिकेट. एक ठरवा." तुम्ही ठरवलंत. कारकुनाची खुर्ची सोडलीत आणि आठवड्यानं त्याच जिनात रोजंदारीवर आत लागलात, यंत्रांपाशी.

आपलं त्यावरून केवढं भांडण झालं! मी म्हटलं, "मॅट्रिक झालेला माणूस मजुरांत उभा राहणार?"

"मजुराला रजा मागावी लागत नाही. आज गेला, उद्या आला नाही, कोण विचारतो?"

"आणि ती आतली धूळ?"

"सगळेच खातात ती."

सगळेच खात होते हे खरं. संध्याकाळी तुम्ही यायचात ते पापण्यांपासून पायांपर्यंत पांढरे, रुईच्या बारीक तुसानं माखलेले. केस झटकलेत की अंगणात कापूस उडे. पहिल्या हंगामात खोकला आला, पावसाळ्यात गेला. दुसऱ्या हंगामात आला तो गेला नाही. मी काढा करायची. तुम्ही तो प्यायचात आणि लगेच, घसा मोकळा झाला की नाही पाहायला म्हणायचात, "खेळ. खेळ." मी म्हणायची, असल्या खेळापायी जीव जाईल. बोलण्यात आपण किती सहज म्हणतो हे सगळं.

दुसरं भांडण त्या सामन्यांवरूनच होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मुंबईच्या त्या सामन्यांत संघ धर्माप्रमाणे असत. हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा, इंग्रजांचा. मला ते कधीच पटलं नाही.

"एरवी एका चिलमीतून ओढणारी माणसं," मी म्हणायची, "तुम्ही त्यांना रस्त्यात उभं करून सांगता, आज तुझे जिंकले आणि याचे हरले. यात खेळ कुठे आला?"

"हिंदूंच्या शतकाला हुसेनमिया सगळ्यांना चहा पाजतात, ते तू पाहिलं नाहीस."

"हुसेनमिया एक आहेत. सगळे हुसेनमिया नाहीत."

"संघांची नावं मी ठेवलेली नाहीत. माझं काम कुणी कसा बॉल मारला ते सांगायचं."

"ऐकणारा तेवढंच ऐकतो का?"

यावर तुम्ही उठून जायचात. दुसऱ्या दिवशी, दोन दिवसांनी, परत येऊन वेगळं उत्तर द्यायचात, जणू मधे काही झालंच नाही. "बरं का मास्तरीण, गल्लीतल्या पोरांनी वरची आळी-खालची आळी केली म्हणून खेळ वाईट होतो का?" मीही तयारच असायची. आपण दोघंही हे भांडण जपत होतो असं आता वाटतं.

मग लढाईच्या त्या वर्षी, साखर मिळेना, रॉकेल मिळेना अशा दिवसांत, तुम्ही पुन्हा मुंबईला गेलात. साहेबांनी तुम्हाला दिवसभर मैदानावर बसवलं आणि संध्याकाळी एका बंद खोलीत, कुणीही ऐकत नसताना, पाहिलेलं सांगायला लावलं. तुम्ही सांगत राहिलात. संपल्यावर काचेपलीकडून साहेब म्हणाले, "उद्यापासून हे खरंच सांगायचं." नंतर मी तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा काय वाटलं. तुम्ही म्हणालात, "घरी यावंसं वाटलं."

जळगावला निरोप आला तेव्हा हुसेनमिया स्वतः आपल्या दारात आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "भाभी, आज शामको आमच्याकडे. सुकाभाऊ बोलनेवाला है." त्यांच्या बायकोनं मला आतल्या खोलीत पडद्यामागे बसवलं, हातात खारका ठेवल्या. बाहेर एवढी माणसं होती आणि आवाज नव्हता. आधी खरखर, मग कुणीतरी काही बोललं, आणि मग तुम्ही.

तुमचा आवाज मी रोज ऐकत होते. पण तो असा त्या डब्यातून, आपल्यातलं अंतर ओलांडून, दुसऱ्याच्या घरात माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पदर तोंडात धरला. "आजच्या खेळाची सुरुवात सकाळच्या कोवळ्या उन्हात झाली." तिन्ही ळ स्वच्छ, टाळूला लागलेले. बाहेर तो म्हातारा हमाल ओरडला, "आपला सुका शे हाऊ! आपला सुका!" त्याला सगळ्यांनी गप्प केलं. हुसेनमियांची बायको माझ्याकडे पाहून हसत होती आणि मी रडत होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन. याच्यानंतरचा एकही सांगता येणार नाही.

निघताना मात्र दुकानापुढे एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "चांगला बोलना. पन आपली बोलीमा नही बोलना." तुम्ही आपल्या बोलीत बोलला नाहीत, हे त्याचं म्हणणं मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही परत आलात तेव्हा इतके आनंदात होतात, की तो विषय काढायला जागाच नव्हती.

त्या हंगामानंतर तुम्हाला तिथे कायम केलं. ज्या बाकावर बसून वाट पाहिली त्याच्या समोरून रोज आत जायचं, खेळाचं बोलायचं, आणि तेच काम. याहून जास्त तुम्ही आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं. तुम्ही मुंबईत खोली शोधत होतात, मी इथे भांडी बांधत होते. तांब्याची कळशी मी दोनदा बांधली, दोनदा सोडली, कारण खोली ठरेना. दर वेळी आलात की वाळलेले दिसायचात. मी म्हणायची, खाणावळीचं जेवण अंगी लागत नाही. खोकल्याचं तुम्ही बोलू द्यायचा नाहीत. खोकायला दाराबाहेर जायचात.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सामने लागले आणि पुन्हा मी पडद्यामागे बसले. पहिल्या दिवशी तुमचा आवाज जाड आला, घोगरा. लोक म्हणाले रेडिओ बिघडला. हुसेनमिया बटण फिरवत होते, मग छपरावर चढून एरियलची तार हलवायला लागले. वरून विचारत होते, "अब ठीक है? अब?" मी आत बसून ऐकत होते आणि मला कळलं होतं की तार ठीक आहे. तुमचा श्वास मला ओळखू येत होता. दोन शब्दांमध्ये तुम्ही तो चोरून घेत होतात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक वाक्य सुरू झालं, "दुपारनंतर मात्र खेळाचा रंग..." आणि पुढे काही आलं नाही. थोडा वेळ नुसती खरखर होती. मग दुसऱ्याच कुणाचा आवाज आला, त्यानं राहिलेल्या धावा वाचून दाखवल्या. हुसेनमियांनी रेडिओ बंद केला. बाहेरची माणसं, नेहमी लगेच पांगायची ती, बराच वेळ तशीच उभी होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, क्षय आहे, फुप्फुसांतून घशात उतरला आहे. बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. आवाजाला पूर्ण विश्रांती दिली तर कदाचित. त्या 'कदाचित'वर आपण वर्षभर जगलो.

आबांनी आपल्याला अमळनेरच्या मळ्यात आणलं. कोरडी हवा, उजेड, गाईचं दूध. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, घरात लहान मुलं आहेत. ते फक्त म्हणाले, "माझा भाऊ दुसरीकडे कुठे जाईल?" विहिरीपाशी छपराखाली तुमची बाज टाकली. मी डॉक्टरांचं म्हणणं पोलिसासारखं पाळलं. तुम्ही ओठ हलवले की मी बोट दाखवायची. तुम्हाला पाणी हवं असलं तर मुठीचा अंगठा तोंडाकडे, कूस बदलायची तर तळहात उलटा. आणि मी दिवसभर बोलत राहायची. भाव काय, पीक काय, कुणाच्या घरी काय. तुम्हाला आवडेल म्हणून कुठून कुठून ऐकलेलं क्रिकेटचंही सांगायची. ते चुकीचं सांगितलं की तुम्ही कपाळाला हात लावायचात. तेवढ्यासाठी मी कधीकधी मुद्दाम चुकायची.

हुसेनमिया भेटायला आले ते उन्हाळ्यात. जळगावहून गाडीनं, मग भर उन्हात चालत. तोवर गावांची हवा बदलली होती. रोज कुठून ना कुठून वाईट बातमी येत होती. मळ्यात शिरताना त्यांनी टोपी काढून खिशात घातली होती, हे तुमच्या ध्यानात आलं का? माझ्या आलं. ते तुमच्या बाजेशेजारी जमिनीवर बसले. तुम्ही हातानं रेडिओचं बटण फिरवून दाखवलंत, म्हणजे, चालू आहे ना?

"आत ठेवलाय," ते म्हणाले. "रस्त्यावर नाही काढत. एक दिवस बाहेर काढला, तर एक म्हणे हमारे नेते का भाषण लगाओ, दुसरा म्हणे हमारे. हात उठ गये. वही लोग, सुकाभाऊ. वही, जो तुमच्या स्टुलासमोर उभे राहायचे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि सुना है, मुंबईचे ते सामने पण बंद होणार. धर्माच्या नावानं खेळ नको म्हणतात. ठीकच आहे शायद."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

ती नजर मला अजून सुटत नाही. मी हेच तर म्हणत होते इतकी वर्षं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ज्या कामासाठी तुम्ही स्वतःला असं जाळून घेतलंत ते कामच जगातून उठलं होतं. तुम्ही बरे झाला असतात, आवाज परत आला असता, तरी तो नेऊन ठेवायला जागा उरली नव्हती. तुमच्या डोळ्यांत काय होतं? 'घे, तुझंच खरं' असं होतं, की अजून एखादं उत्तर होतं, दोन दिवसांनी येऊन द्यायचं? बोला म्हणावंसं वाटलं. पण मी सवयीनं बोट वर केलं, बोलायचं नाही.

हुसेनमिया जाताना मला बांधापाशी म्हणाले, "भाभी, वो आवाज हमने मुफ्त में सुनी." आणि खिशातल्या टोपीवर हात ठेवून वाटेला लागले.

पावसाळा सरता सरता तुम्ही खाणं सोडलंत. गिळताना काय होत होतं ते तुमच्या मानेच्या शिरांवरून दिसायचं. मग मी बोलणंही कमी केलं. कशाबद्दल बोलणार? पुढच्या गोष्टी उरल्या नव्हत्या आणि मागच्या काढल्या की तुमचे डोळे भरायचे. कपाशी वेचायला आली होती, बायका शेतात गाणी म्हणत होत्या, तेवढं आपण दोघं ऐकत बसायचो.

गेलात ते दुपारी. मी उशाशी होते, आबा मोटेवर. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि ओठ हलवलेत. त्या दिवशी मी बोट वर केलं नाही. कान तुमच्या तोंडाशी नेला. म्हटलं, बोला, हळू बोला, मी ऐकतेय. तुम्ही बोललात. पुष्कळ बोललात, एखादं लांबलचक वाक्य असावं तसं, मधे एकदा थांबून पुन्हा सुरू केलंत. पण त्यात आवाज नव्हता. नुसती गरम हवा माझ्या कानाला लागत होती. मी ओठांकडे पाहिलं तर तेही ओळखता येईनात. तुमचं बोलणं झाल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कळलं का, असं. मी मान हलवली. कळलं म्हटलं.

काही कळलं नव्हतं. तुम्हाला हे आता माहीत असेल, नसेल. मी रोज त्या वाक्यात काहीतरी घालून पाहते. एक दिवस वाटतं, सामन्यांविषयीचंच ते राहिलेलं उत्तर होतं. एक दिवस वाटतं, फक्त पाणी मागत होतात, आणि मी मान हलवून बसले.

लोक म्हणतात, त्याच्या मनासारखं तरी झालं, इच्छा पुरी करून गेला. म्हणोत. मला तो हिशेब जमत नाही. इतक्या वर्षांची धडपड, आणि एक पुरता हंगाम. मी कुणाला सांगणार नाही की चिकाटी धरा, फळ मिळतं. मिळतं, पण ते ज्या घशातून उतरायचं तो घसाच तोवर कुणीतरी खाऊन टाकलेला असतो. तुमच्यावर मी रागावलेय का? हो. आणि तुम्ही स्टुलावरून उतरला असतात, कारकुनाच्या खुर्चीत म्हातारे झाला असतात, तर ते मला पाहवलं असतं का, तेही सांगता येत नाही. दोन्हीकडून माझं घर रिकामंच.

काल आबांबरोबर नगरपालिकेत गेले. मृत्यूची नोंद राहून गेली होती, आणि आबांना लिहितावाचता येत नाही म्हणून मी. कारकून तरुण होता, बाहेरगावचा. त्यानं न पाहताच विचारलं, "मयताचं नाव?" आबा म्हणाले, "सुका." तो म्हणाला, "पूर्ण नाव सांगा." आबांनी तोंड उघडलं आणि त्यांना एकदम हुंदका आला. ते खांद्यावरच्या पंच्यात तोंड घालून बाहेर गेले.

कारकून माझ्याकडे पाहत राहिला. लग्नात, हळदीकुंकवाला, बायकांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी तुमचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. कुणापुढे नाही, एकटीनंसुद्धा नाही.

मी सांगितलं.

"ऐकू आलं नाही, बाई," तो म्हणाला. "मोठ्यानं."

"सुकदेव," मी म्हटलं.